दहावा शब्द

एलकाना हिब्रूतली ओळ म्हणत एकेका माणसासमोर बोट नेत होता. सिगल स्वयंपाकघराच्या दारात मलिद्याची परात धरून उभी होती. तिथून तिला फक्त त्याची पाठ दिसत होती. बेने इस्रायली ज्यू लोक प्रार्थनेला माणसे आकड्यांनी मोजत नाहीत. दहा शब्दांची ओळ म्हणायची, माणसागणिक एक शब्द. शेवटचा शब्द माणसावर पडला की जमले. गेले कित्येक महिने तो शब्द रिकाम्या भिंतीवर पडत होता.

"जमलं!" एलकाना म्हणाला.

सिगलचे डोळे भरून आले. आज तिच्या बाबांची बरसी होती. त्यांच्यासाठी कद्दीश, म्हणजे गेलेल्यांसाठीची प्रार्थना, म्हणायचे, तर दहा पुरुष हवेतच. बायका त्यात धरत नाहीत. रावपुऱ्यातल्या या फ्लॅटचा करार सिगलच्या नावावर, गॅस संपला की धावपळ तिची, पण मोजणीत ती नव्हती. बडोद्यात आपल्या लोकांना जमायला एक घर असावे, म्हणून तिने आणि एलकानाने आणखी दोघांना गोळा करून हा चौघांचा सामाईक संसार थाटला होता. आज मात्र तिची बॅग भरून तयार होती. "आजही जमलं नाही, तर मी अहमदाबादला आईकडे जाते. तिथं सिनेगॉग तरी आहे," असे तिने सकाळीच सांगून टाकले होते. ती गेली की घर मोडणार, हे सगळ्यांना ठाऊक होते.

भिस्त होती जवळच्या पादरा गावच्या अहरोनकाकांवर. ते बाबांचे जुने मित्र. सिगलशिवाय त्यांना कोणी पाहिलेलेही नव्हते. आले म्हणायचे एकदाचे!

एलकानाने तिच्या वतीने कद्दीश म्हटले. सगळे मिळून 'आमेन' म्हणाले. एक आवाज मागे रेंगाळला आणि बारीक खोकल्यात संपला. सिगलच्या अंगावर काटा आला. बाबा अगदी असेच लांबवायचे. लहानपणी तिला त्याची लाज वाटायची. मित्राची सवय काकांना लागली असेल, अशी तिने मनाची समजूत घातली.

प्रार्थना संपली. मलिद्याची एक बशी तशीच उरली.

"तुझे काका न खाताच गेले वाटतं," एलकाना म्हणाला. "खिडकीपाशी खुर्ची ओढून बसले होते."

तेवढ्यात फोन वाजला. "दिकरा, माफ कर हं पोरी," अहरोनकाका म्हणत होते. "स्कूटर बंद पडली. अजून पादऱ्यातच आहे मी. बरसी चुकली ना गं?"

सिगलने खिडकीकडे पाहिले. खुर्ची उजेडाच्या बाजूला वळवलेली होती. बाबा पेपर वाचायला अशीच वळवून घेत. तिला भीती वाटली, आणि त्या भीतीच्या तळाशी आनंदही झाला. खरे सांगितले, तर कद्दीश फुकट जाणार होते आणि घरही.

"नाही काका, चुकली नाही," ती म्हणाली. रात्री तिने बॅग रिकामी केली.

पुढच्या शुक्रवारी दिवेलागणीच्या आधी नेहमीचीच नऊ माणसे जमली. मागून एक बुटके, गोल गृहस्थ धापा टाकत जिना चढून आले. "आज मुक्कामाला आलोय. चहा मूक, बेन! ठेव आधण!" त्यांनी दारातूनच आरोळी दिली.

"हे कोण?" एलकानाने विचारले.

"पादऱ्याचे अहरोनकाका."

एलकानाचा चेहरा पांढराफटक पडला. "मग त्या दिवशी..." सिगलने त्याला मोजायची खूण केली. शेवटी त्याने मोजायला सुरुवात केली. या वेळी ती त्याच्या शेजारीच उभी राहिली. एकेक शब्द एकेका माणसावर पडत गेला. दहावा काकांवर पडला. ओळ संपली. एलकानाचे बोट मात्र पुढे सरकले आणि खिडकीपाशीच्या त्या खुर्चीवर जाऊन थांबले.

सिगलने ते बोट हळूच खाली घेतले.

"त्यांना नको मोजूस," ती म्हणाली. "ते इथंच राहतात."