शेजारचं चॅनल

"बाबा, अलार्म वाजला नाही की दिवसभर नुसत्या खुर्च्या उबवता का?"

मैत्रिणींशी पैज लागली होती, म्हणून लेकीने जेवताना विचारूनच टाकलं.

मोबाइल कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये नोकरीला असलेले बाबा हसले. "वाजणारं चॅनल परवडलं गं. एखादं वरून ठणठणीत दिसतं, अलार्मसुद्धा नाही, पण त्यातून एक कॉल जात नाही. सगळे कॉल शेजारच्या चॅनलवरून जातात, त्यामुळे कुणाला पत्ताच लागत नाही."

"मग?"

"शेजारचं बंद करायचं. बिघाड लगेच उघडा पडतो."

आईने डाव उचलला. "बाबांना विचार, अजून वाढू का."

"आईला सांग, पुरे."

गेले आठ दिवस हे असंच चाललं होतं.



लेकीने ताट सरकवलं. "शेजारचं चॅनल आजपासून बंद. काय ते एकमेकांशीच बोला."