हात काढू नकोस

चादरीवर लाल डाग दिसला तेव्हा तिच्या हातात थर्मामीटर होता. डाग आधी बशीएवढा होता. ती खाटेला वळसा घालून पलीकडे जाईपर्यंत तो ताटाएवढा झाला.

"काका, पाय दुमडलात का?"

खाटेवरचा ट्रकड्रायव्हर ओशाळला. सकाळी जांघेतून नळी घालून त्याच्या हृदयाची तपासणी झाली होती. उजवा पाय सरळ ठेवा, उठू नका, असं त्याला येणाऱ्याजाणाऱ्याने बजावलं होतं. "जरा उशी सरकवायला उठलो," तो म्हणाला. "तेवढंच."

तिने चादर बाजूला केली. पट्टी भिजून लोंबत होती आणि कडेने रक्त येत होतं. ठिबकत नव्हतं, वाहत होतं. ट्रॉलीवरचा कापसाचा गठ्ठा उचलून तिने जांघेवर दाबला, हातावर हात ठेवला आणि अंगाचा सगळा भार त्यावर टाकला.

"ताई, भिंतीवरचं बटण दाबा. दाबतच राहा."

ड्रायव्हरच्या बायकोने बटण दाबलं. दारावरचा दिवा लागला. कोणी आलं नाही. मोठ्या सिस्टर शेजारच्या खोलीत दुसऱ्या पेशंटपाशी अडकल्या होत्या. वॉर्डात ही एकटीच, मदतनीस नर्स. अंग पुसायचं, कूस बदलायची, ताप आणि नाडी बघायची, ही तिची कामं. सुईला हात लावायचा नाही, सलाइनचा वेग बदलणाऱ्या चाकाला हात लावायचा नाही, पेशंटला त्याच्या तब्येतीचं काही सांगायचं नाही.

"सिस्टर, काहीतरी करा ना!"

"करतेय."

"नुसता हात ठेवून उभ्या आहात!"

ड्रायव्हरच्या ओठांचा रंग उडत चालला होता. कपाळावर घाम डवरला. मग त्याने एक लांबलचक जांभई दिली. ती झोपेची नव्हती, रक्त कमी पडल्याची होती.

"सलाइन तरी जोरात सोडा!" बायको म्हणाली. "आमच्या सासूबाईंना सोडली होती, लगेच डोळे उघडले त्यांनी."

चाक तिच्या कोपरापाशीच होतं. एका अंगठ्याचं काम. पण बाटलीवरची चिठ्ठी भिंतीकडे वळलेली होती.

"बाटलीत काय मिसळलंय ते मला माहीत नाही, ताई."

"मग मी सोडते!"

"हात लावू नका!" स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "मोठ्या सिस्टरना घेऊन या. शेजारची खोली. पळा."

"यांना असं टाकून?"

"मी धरलंय ना. पळा!"

बायको नवऱ्याकडे बघत दोन पावलं मागे सरली. मग तोंडाला पदर लावून धावत सुटली.

"सिस्टर," ड्रायव्हर पुटपुटला, "मी चाललो का?"

हो म्हणायचं काम तिचं नव्हतं, नाही म्हणायचंही नव्हतं.

"माझ्याकडे बघा, काका. ट्रक कोणत्या रंगाचा तुमचा?"

"निळा."

"आणि आतून?"

उत्तर आलं नाही. त्याचे डोळे अर्धे मिटले होते. तिचे खांदे भरून आले. हात थोडा सरकवावा असं वाटत होतं, पण सरकवला आणि जागा चुकली तर? तिने दात आवळले आणि आणखी वाकून भार दिला.

अचानक मागे खणखणाट झाला. पलीकडच्या खाटेवरचे आजोबा, नाकात ऑक्सिजनची नळी, खाली पाय टेकवायलाही बंदी, ते कोणीतरी धावत यावं म्हणून पाण्याचा पेला खाटेच्या दांडीवर जीव खाऊन आपटत होते.

दार ढकलून मोठ्या सिस्टर आल्या, मागोमाग डॉक्टर. सिस्टरनी बाटली फिरवून चिठ्ठी वाचली आणि चाक पुरतं मोकळं सोडलं.

"हेच!" दारात धापा टाकत बायको म्हणाली. "हेच मघापासून सांगत होते मी या नर्सबाईंना!"

डॉक्टर सिरिंजमध्ये औषध भरत होते.

"हात काढू नकोस," सिस्टर तिला म्हणाल्या. "मी सांगेपर्यंत."

तिने मान हलवली. किती वेळ गेला कोण जाणे. ड्रायव्हरच्या ओठांवर हळूहळू रंग आला आणि तो कुणाकडेही न बघता म्हणाला, "आतून हिरवा आहे." बायको त्याच्या उशाशी कोसळली आणि हमसून हमसून रडायला लागली.

"सोड आता," सिस्टर म्हणाल्या.

तिने ऐकलं, पण बोटं ऐकेनात. सिस्टरनी तिचं एकेक बोट उचलून सुटं केलं. डॉक्टरांनी वाकून पाहिलं. रक्त थांबलं होतं. नवी पट्टी घट्ट बांधून ते ड्रायव्हरला आतल्या खोलीत घेऊन गेले. खाट सरकली तशी बायकोही बरोबर गेली. दारापाशी तिने एकदा मागे वळून पाहिलं. रागाने की कशाने, ते कळलं नाही.

वॉर्ड पुन्हा शांत झाला. तिने कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले, आणि राहिलेलं काम हाती घेतलं. पुढची खाट आजोबांची होती. तिने त्यांच्या मनगटावर बोटं टेकवली. ठोके सुसाट धावत होते.

"आजोबा, छातीत दुखतंय का? खरं सांगा!"

"नाही गं पोरी." आजोबांनी दुसरा हात तिच्या बोटांवर ठेवला. "माझी नाडी ठिकाणावर आहे. ही धावतेय ती तुझी."