लावे बिचकतात

आईने पेल्यावर चमचा वाजवला आणि गॅलरीतले आठही लावे एकदम वर उसळले. पिंजऱ्याच्या छताला डोकी आपटली. घड्याळजीने नुकतीच एका लावीच्या डोक्याची जखम पुसून तिला आत सोडलं होतं. नेमकं तिचंच टाळकं पुन्हा फुटलं.

लावा म्हणजे मुठीएवढा पक्षी, आणि धीर त्याहून कमी. कुठे खुट्ट झालं की तो बाजूला पळत नाही, सरळ वर उडतो, आणि वर छत असतं. एकाला रक्त आलं की बाकीचे तिथेच टोचत सुटतात. सात जणांनी तिला कोपऱ्यात घेतलंही होतं. घड्याळजीने हात घालून तिला उचललं आणि तिची धडधड थांबेपर्यंत छातीशी धरून उभा राहिला. मग मिठाच्या कोमट पाण्याने जखम धुतली. वर जांभळं औषध लावलं. तांबडं नाही, कारण तांबडं दिसलं की पुन्हा टोचाटोची. केसाएवढ्या स्क्रूंवर बसलेला हात तो, पीससुद्धा दुखवलं नाही. तिला शेजारच्या छोट्या पिंजऱ्यात ठेवलं, तेही जाळीतून बाकीचे दिसतील असं, नाहीतर चार दिवसांत ते तिला परकी समजतील. इतका विचार करणारा माणूस गल्लीत दुसरा दाखवा.

मग तो आईच्या खोलीत गेला. ती पलंगाच्या कडेला पाय सोडून बसली होती. तिचे गुडघे तिला कसंबसं उभं करत, पण चालवत नसत. बाथरूमपर्यंत जायला कुणाचा तरी खांदा लागे.

"हे वाजवणं आजपासून बंद," असं म्हणत त्याने तिच्या हातातून पेला आणि चमचा काढून घेतला.

"अरे, मला जायचंय."

"चल ना, नेतो. पण वाजवायचं नाही. हाकही मारायची नाही. तिसऱ्यांदा फुटलीय ती, आई. चौथ्यांदा वाचायची नाही."

आणि त्याने नेलं हो तिला, खांदा देऊन, परत आणून बसवलंही. उगाच खोटं कशाला बोला.

आठवडाभर घरात हेच चाललं होतं. मिक्सर कपाटात गेला होता. दाराची बेल काढून ठेवली होती. बायको मांजरासारखी वावरत होती. ती लाँड्रीत कामाला जायला निघाली होती, दारातच थांबली.

"अहो, आईंना काही लागलं तर त्यांनी सांगायचं कसं? पंख फडफडवून?"

"मी अकराला वर येतो ना. मग एकला. दुकान काय सातासमुद्रापार आहे?"

दुकान कोपऱ्यावरच होतं.

"राहू दे गं," आई आतून म्हणाली. "मी बसते गप्प. मला काय धाड भरलीय?"

अकरा वाजले तेव्हा दुकानातली चौदा घड्याळं तसं सांगत होती. पण घड्याळजीच्या चिमट्यात एक केसासारखी स्प्रिंग होती, आणि ती बसता बसत नव्हती. एक वाजला तेव्हा समोर एक गिऱ्हाईक होतं, बोलकं. आईची आठवण झाली नाही असं नाही. झाली. काही लागलं असतं तर तिने हाक मारली असती, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला बरंही वाटलं. मनाला कुठे लाज असते.

अडीचला तो वर आला. चपला बाहेर काढल्या आणि चवड्यांवर चालत आधी गॅलरीत गेला. सातही लावे वाळूत लोळत होते, एकमेकांच्या अंगावर वाळू उडवत. लावा लोळला म्हणजे त्याला कशाची भीती उरली नाही. जखमी लावीच्या डोक्यावर खपली धरली होती, तिने दाणेही टिपले होते. घड्याळजीने पाणी बदललं, दोन अंडी उचलली आणि तिथेच उकिडवा बसून बघत राहिला. कितीतरी दिवसांनी त्याला असं निवांत वाटलं. पाव तास तरी गेला असेल. मग तो आईला सांगायला उठला, की बघ, आज एकही उडाला नाही.

आई पलंग आणि बाथरूम यांच्या मधोमध फरशीवर पडली होती. एक पाय कमरेपासून भलतीकडेच वळला होता. अंगाखालची फरशी ओली होती, आणि ती ओल कडेने वाळतही आली होती. पलंगावरून ओढलेल्या चादरीचं टोक तिने दातांत धरलं होतं. त्यावर रक्त होतं.

तो गुडघ्यांवर बसला.

"कधी पडलीस?"

तिने दातांतली चादर सोडली. "तू गेलास. मग थोड्या वेळाने." आवाज नव्हताच, नुसते ओठ हलले.

"मग हाक का नाही मारलीस?"

आईने चादरीचं टोक पुन्हा दातांत धरलं.

त्याने तिच्या पाठीखाली हात घातला तशी ती पांढरीफटक पडली. एकट्याचं काम नव्हतं. शेजारी घरी होते, भिंतीपलीकडे त्यांच्या खुर्च्या सरकत होत्या. हाक मारायला त्याने तोंड उघडलं.

आणि मिटलं. तो उठला, चवड्यांवर गॅलरीपर्यंत गेला. दोन्ही पिंजऱ्यांवर जाड काळं कापड पसरलं, चारही बाजूंनी नीट खाली ओढलं. दार हलक्या हाताने लोटून कडी लावली. आई फरशीवरून बघत होती.

मग त्याने शेजाऱ्यांना हाक मारली.