पोरानं नाव काढलं

चिकलठाण्याच्या नव्या कॉलनीत टँकरची वाट बघत मंजुळाबाई रिकामे हंडे घेऊन बसल्या होत्या. शेजारी त्यांचा मुलगा डॉ. रामेश्वर, रसायनशास्त्राचा प्राध्यापक, मोबाइल पुढं धरून फुशारकीनं सांगत होता.

"माय, तापाच्या नव्या औषधावर मी जे लेख लिहिले ना, त्यांचा दाखला लोकांनी आपापल्या लेखांत दोनशे वेळा दिलाय. म्हणजे दोनशे वेळा माझं नाव काढलंय."

मंजुळाबाईंचा जन्म मेंढरांमागं गेलेला. त्या विचारात पडल्या. "दोनशे येळा? मग तुला एक बी उचकी कशी नाय लागली? मी घरी नुसती आठवण काढली, तरी तुझ्या बापाला रानात उचकी लागायची."

रामेश्वरनं मोबाइलवर दाखल्यांची यादी उघडली. चौदा दाखले त्याच्याच विद्यार्थ्यांचे होते, तेही त्यानं दटावल्यावर दिलेले. उरलेले एकशे शहाऐंशी त्याच्या स्वतःच्या लेखांतले. पोरानं नाव काढलं होतं खरं, पण स्वतःचंच.

"माय, बहुतेक मीच काढलं गं," तो ओशाळून म्हणाला.

मंजुळाबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "बरंच झालं लेकरा. दुसऱ्या कुणी काढलं असतं, तर दोनशे उचक्या लागल्या असत्या. मग तुला पाजायला पाणी कुठून आणलं असतं?"