मार्चमधली चूक

सिस्टरसमोरच्या स्टुलावर बसल्या बसल्या घड्याळवाल्या काकांनी पंप तोंडाला लावला, दाबला, आणि मग सवडीने श्वास आत घेतला. औषधाचा फवारा ओठांच्या कोपऱ्यातून निसटून छताकडे निघून गेला.

"बघा," काका म्हणाले, "जमतच नाही मेलं."

सिस्टरनी नुसतं काकांचं कार्ड हातात घेतलं. एरवी या जागी त्या "अहो काका!" म्हणायच्या, खुर्ची पुढे ओढायच्या आणि पंप कसा हलवायचा, आधी श्वास कसा पूर्ण सोडायचा, मग दाबता दाबता कसा सावकाश ओढायचा, हे पहिल्यापासून शिकवायच्या. पाच मिनिटं तरी जायची. कधी सात. मिनिटांच्या बाबतीत काकांची चूक व्हायची नाही. जन्मभर लोकांची वेळ त्यांनीच लावून दिली होती.

दम्याच्या दवाखान्याचा नियम साधा होता. हा पंप रोजचा. धाप लागो न लागो, घ्यायचाच. ज्याला तो नीट घेता येत नाही, त्याने दर महिन्याला येऊन सिस्टरना घेऊन दाखवायचा. ज्याला येतो, त्याने सहा महिन्यांनी तोंड दाखवलं तरी चालेल. नियम करणाऱ्याला वाटलं असेल, माणसं पटापट शिकतील. त्याने काकांना हिशेबात धरलंच नव्हतं.

डोळ्याला भिंग लावून मोहरीएवढा स्क्रू चिमट्याने जागेवर बसवणारा हा माणूस. पण कामात चालढकल त्याला माहीत नव्हती, तशी त्याने इथेही केली नाही. दर खेपेला नवी चूक. एकदा तर टोपण न काढताच पंप दाबला. त्या दिवशी सिस्टर इतक्या हसल्या की रांगेतल्या एका बाईने दार ढकलून "काय झालं हो?" म्हणून विचारलं. ते हसू काकांना पुढच्या भेटीपर्यंत पुरलं.

सिस्टरनी कार्ड उलटं केलं.

"काका, ही चूक मार्चमधली."

"आँ?"

"श्वास उशिरा घेतला, मार्च. पंप हलवला नाही, एप्रिल. टोपण, मे. जूनमध्ये श्वास नाकाने ओढलात. जुलैत चूळ भरायचं विसरलात, बेसिन समोर असून." त्यांनी कार्डावर बोट ठेवलं. "सगळं लिहिलेलं असतं इथे."

"वय झालं, सिस्टर. माणूस विसरतो."

"विसरणारा माणूस तीच तीच चूक करतो, काका. तुमची आज पहिल्यांदा परत आली. माल संपला वाटतं?"

काका पंपाच्या टोपणाशी चाळा करत राहिले. सिस्टरनी श्वासाचा जोर मोजणारी फुंकायची नळी त्यांच्या हातात दिली. काकांनी देव्हाऱ्यातली वात विझवावी तसं हळूच फुंकलं.

"नाटकं नकोत. जोरात."

काकांनी फुंकलं. काटा सरकला तो मार्चच्या खुणेच्या बराच वर जाऊन थांबला. माणसाशी वाद घालता येतो. काट्याशी घालायचा, तर निदान घड्याळवाल्याने तरी घालू नये. सिस्टरनी पंप उलटा करून पाठीवरचा उरलेल्या फवाऱ्यांचा आकडा पाहिला. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. छताकडे गेलेला एक फवारा सोडला, तर एकही इकडचा तिकडे नव्हता.

"जिना चढताना?"

"तीन मजले. एका दमात," काकांच्या तोंडून निघून गेलं, तेही जरा ऐटीत.

"मग छानच झालं की हो, काका!" सिस्टरना मनापासून आनंद झाला होता. पंचाईत तीच होती. त्यांनी पेन उघडलं. "आता एकदा बरोबर घेऊन दाखवा, म्हणजे मी सहा महिने लिहायला मोकळी. बाहेर सतरा जण बसलेत."

सहा महिने. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जायचा, बेल वाजवायचा नाही. शेजारचे जिन्यात मान हलवायचे, आणि मान हलवली की बोलावं लागत नाही. दुकानात हल्ली कुणी यायचं ते समोरच्या दुकानाचा पत्ता विचारायला.

पंप उलटा धरायची एक चूक अजून शिल्लक होती. पण ती फारच पोरकट झाली असती, आणि शिवाय सिस्टर आता हसल्या नसत्या.

काकांनी टोपण काढलं. पंप हलवला. श्वास पूर्ण सोडला, ओठ घट्ट लावले, आणि दाबता दाबता इतका सावकाश, इतका सलग ओढला की वाफेचा एक धागाही बाहेर आला नाही. मग पंप मांडीवर ठेवून त्यांनी श्वास धरला.

सिस्टर एका हाताने कार्ड भरत होत्या आणि दुसऱ्या हाताची बोटं मिटत मोठ्याने मोजत होत्या. "सात... आठ... नऊ... दहा." त्यांनी मान वर केली. "झाले दहा, काका. सोडा."

काकांनी हात वर करून 'जरा थांबा' अशी खूण केली, आणि ओठ मिटून तसेच बसून राहिले.