तुरट

परसातली पर्सिमनची फळं मऊ पडेपर्यंत तोंडात घालायची सोय नसते. जीभ नुसती आखडून जाते. पण विसरभोळ्या झालेल्या सासूबाई रोज एखादं कच्चं फळ तोडायच्या, चावायच्या आणि तोंड वेडंवाकडं करून थुंकायच्या. सांगून सांगून सुनेच्या तोंडाला फेस आला होता. आज ती कामावरून आली, तर ओट्यावर पुन्हा उष्टं फळ. ती पर्ससकट खुर्चीत बसली.

"आई, किती वेळा सांगू? अजून पिकली नाहीत ती!"

सासूबाईंनी परक्या बाईकडे बघावं तसं तिच्याकडे बघितलं.

"म्हणून तर चाखून बघते ना, बाई. एखादं गोड लागलं की सुनेसाठी ठेवीन. फार दमून येते हो पोर."