गाडीचे डोळे

निरोपाची शाल खांद्यावर, नारळ हातात, असे वामनराव शिपाई प्रयोगशाळेत शिरले आणि दार लोटून उभे राहिले.

"सर, आज रिटायर होऊन राह्यलो. एक गोष्ट पोटात ठेवून घरी नाई जाऊ शकत."

"बोला ना, भाऊ," लियाकत सर म्हणाले.

"तीन वर्सं झाले, पोट्टे गाडी घेऊन नागपूरच्या स्पर्धेले गेले होते ना. निघाच्या आधी मीनं तिले हळद-कुंकू लावलं. पोट्टे म्हनत, खालचे हे तिचे डोळे. मीनं उलटी करून डोळ्यायलेच बोट लावलं. नजर नको लागाले म्हनून."

लियाकत शेख चंद्रपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत आणि पोरांकडून रोबो करवून घेत. त्यांना पुढचं सांगायची गरजच नव्हती. काळ्या फळीवरची पांढरी रेघ बघत चालणारी गाडी, आणि तिच्या डोळ्यांतच, म्हणजे खालच्या सेन्सरवरच, कुंकू! २००१ सालच्या त्या फायनलसाठी पोरं तीन महिने राबली होती. सर तर फायनलच्या तोंडावर गाडीपाशीच बसून होते. आणि दुसऱ्याच वळणावर बाईसाहेब रेघ सोडून थेट परीक्षकांच्या टेबलाखाली. अख्खा हॉल खदाखदा हसला.

सरांनी तिथेच नागसेन रामटेकेला धरलं. गाडीची सगळी जोडणी त्याची होती ना! "यंत्राला हात लावायची तुझी लायकी नाही!" जीभ घसरली म्हणावं, तर हे वाक्य ते दोनदा बोलले होते. रामटेकेच्या पोराला असं भर सभेत बोलणं म्हणजे काय, हे त्यांना कळत नव्हतं असं थोडंच आहे?

नागसेन अवाक्षर बोलला नाही. गाडी खोक्यात भरली आणि पुढच्या महिन्यात कॉलेज सोडून मूल गावी आपल्या घरी गेला. एकच वर्ष राहिलं होतं. त्याचे वडील देवाजी भेटायला आले. म्हणाले, "सर, तुम्ही एकडाव बोलावलं तं येईल पोरगा." सर म्हणाले, "बघू." तीन वर्षं ते बघतच राहिले. रोज ठरवायचे, रोज टाळायचे.

"आणि हे तुम्ही आज सांगता?" सरांचा आवाज चढला. "वाटोळं केलं तुम्ही एका पोराचं! काही अक्कल आहे की नाही?"

म्हातारा मुकाट रडला. बाहेर त्याच्याच निरोपाची पंगत मांडली होती. तो तिकडे फिरकलाही नाही, असं सरांना संध्याकाळी कळलं.

पण खरं सांगायचं तर सरांना हलकंही वाटलं. इतके दिवस छातीवर ठेवलेला धोंडा आता उतरेल असं वाटलं. त्यांनी प्राचार्यांना गाठलं, नागसेनला परत प्रवेश मिळतो का विचारलं, कोरा अर्ज खिशात घातला आणि दुसऱ्या दिवशी मूलची एसटी धरली.

नागसेन राईस मिलमध्ये मोटर उघडून बसला होता. अंगभर कोंडा. सरांना बघताच हात पुसत उठला.

"सर, तुम्ही? इथी? बसा ना, चहा सांगतो."

"बसायला नाही आलो, माफी मागायला आलो. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली रे मी. तुझी चूक नव्हतीच. त्या वामनरावनं गाडीच्या डोळ्यांत कुंकू भरलं होतं. काल कबूल केलं त्यानं. हा अर्ज भर, बाकी मी बघतो."

नागसेननं अर्जाला हात लावला नाही.

"वामनभाऊले काही बोलले तं नाई ना, सर?"

सरांनी अर्जाची घडी त्याच्या हातात कोंबली.

"जास्त बोलले काय?"

"रागात होतो रे," सर पुटपुटले. "पण त्याच्यापायी तुझी तीन वर्षं गेली, शिक्षण गेलं. राग येणार नाही का?"

नागसेननं मोटरवरचा कोंडा झटकला.

"कुंकू मले बसमध्येच दिसलं होतं, सर. स्पिरिटनं पुसून टाकलं. हॉलात गेल्यावर गाडी तीनदा चालवून पाह्यली. एकदाही रेघ सोडली नाई तिनं."

"मग फायनलला काय झालं?"

"मी पाणी प्याले गेलो होतो. परत येतो तं तुम्ही पेचकस घेऊन तिच्या डोळ्यायचे पेच फिरवून राह्यले होते. हॉलात उजेड जास्त आहे, असं म्हनत होते तुम्ही. मी काही म्हनाच्या आत आपलं नाव पुकारलं." त्यानं अर्जाची घडी सरांच्या हातात परत दिली. "एवढ्या लोकायसमोर तुमचं नाव कसं घेऊ, सर?"